मारणाऱ्याचं काम

परवा रविवारी दुपारी माझी धाकटी जाऊ अचानक आली. दार उघडंच होतं. मी संगणकापुढे बसलेली, कानांवर हेडफोन, आणि मोठमोठ्यानं म्हणत होते, "तू पुढे हो आधी, तो तुझ्याकडे वळला की मग मी मारते!" ती बिचारी उंबऱ्यातच थबकली. तिला वाटलं, म्हातारीचं काही खरं नाही. चहा होईपर्यंत तिला सगळं सांगावं लागलं. म्हटलं, एकदा सांगितलंच आहे तर इथंही लिहून टाकावं, म्हणजे बेळगावच्या वन्संना आणि बाकीच्या मंडळींना फोनवर पुन्हा पुन्हा सांगायला नको.

तर मंडळी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी भुयारात शिरून राक्षस मारते. एकटी नाही, पाच जणांच्या टोळीत. हसून घ्या.

माझा नातू म्युनिकला असतो. लहान होता तेव्हा फोनवर भरभरून बोलायचा. पुढे शाळा बदलली, मिसरूड फुटलं आणि बोलणं आटलं. "जेवलास का?" "हो." "शाळा?" "बरी." एवढ्यात फोन आईच्या हातात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा दिवसभर खोलीत बसून खेळत होता. मी शेजारी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, हा पुढचा माणूस सारखा मार का खातोय? त्यावर तो पाऊण तास बोलला. मराठीत! जाताना माझ्या संगणकावर तो खेळ बसवून गेला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट त्याचं नाव. तेव्हापासून रविवारी आमच्याकडे दुपारचे चार वाजले की त्याच्याकडे साडेबारा (थंडीत साडेअकरा), आणि आम्ही खेळतो.

खेळ असा. पाच जणांनी एका भुयारात, पडक्या गढीत किंवा मंदिरात शिरायचं. त्याला ते डंजन म्हणतात. आत राक्षसांचे जथे आणि मधूनमधून एकेक मोठा सरदार, तो बॉस. पाचांतल्या एकानं पुढे उभं राहून सगळा मार अंगावर घ्यायचा, तो टँक. एकानं मागून सगळ्यांच्या जखमा भरायच्या, तो हीलर. उरलेल्या तिघांनी मारायचं. त्यांना डीपीएस म्हणतात. ते खरं तर मापाचं नाव आहे, दर सेकंदाला किती इजा केली त्याचं. माणसाला मापाचंच नाव पडलं. आमच्या शाळेत एका मुलाला सगळे 'पस्तीस' म्हणायचे, त्यातलाच प्रकार. (त्याचं पुढे उत्तम झालं.)

नातू हीलर आहे. मी मारणारी. धनुष्यबाण घेतलेली शिकारीण, सोबत एक अस्वल.

आता इतिहासाची बाई म्हटल्यावर हे आलं कुठून ते शोधल्याशिवाय मला चैन पडेना. याचं मूळ संगणकात नाहीच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ छापला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली चार मित्रमंडळी. पहिल्या खेपेला हजार प्रती काढल्या होत्या. त्याच वर्षी मी बी. ए. होऊन शाळेत लागले, म्हणून साल लक्षात राहिलं. त्यात सुरुवातीला पात्रं तीनच: लढवय्या, जादूगार आणि जखमा भरणारा धर्मगुरू. म्हणजे कामांची वाटणी तेव्हापासूनची. पण तिथं राक्षसाच्या वतीनं खेळायला टेबलाशी एक माणूस बसलेला असे. राक्षसानं कुणावर धावून जायचं ते तो ठरवी. माणूसच तो, परिस्थिती बघून ठरवी.

पुढे १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं असाच खेळ संगणकावर आणला, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा. नुसती अक्षरं, चित्र एकही नाही. रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्यानं तो पुढे वाढवला. तिथून या वंशाच्या फांद्या फुटल्या. कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये त्यातलीच एक जगाला फुकट देऊन टाकली, आणि मार्च १९९९ मध्ये त्या वळणावर जाणारा, पण चित्रांचा खेळ अमेरिकेत आला, एव्हरक्वेस्ट. (१९९९ साली आमच्या गल्लीत इंटरनेट लावलं की फोन एंगेज लागायचा, आणि माहेरचे लोक काळजीनं घरी यायचे.)

यात मेख अशी की टेबलाशी बसणाऱ्या माणसाची जागा आता यंत्रानं घेतली. राक्षसानं कुणावर धावायचं याचा काहीतरी हिशोब यंत्राला द्यायला हवा. मग राग मोजायला सुरुवात झाली. प्रत्येक राक्षसाच्या मनात प्रत्येक खेळाडूबद्दल किती राग साठला आहे याची वही यंत्र ठेवतं. मारलं की राग वाढतो, जखमा भरल्या तरी वाढतो. ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग, त्याच्यावर राक्षस धावतो. टँकचं काम मारण्यापेक्षा चिडवण्याचं. त्यानं पुरेसं चिडवायच्या आत तुम्ही जोरात मारलंत तर राक्षस तुमच्याकडे वळणार, आणि तुमच्या अंगावर चिलखत नाही. म्हणजे मारणाऱ्यानं पहिली गोष्ट शिकायची ती थांबायची. आजच्या खेळात टँकला राग ओढून घेणं बरंच सोपं करून ठेवलंय, जुन्या दिवसांत म्हणे बराच वेळ हात बांधून उभं राहावं लागे.

एव्हरक्वेस्टमध्ये सहा जणांची टोळी असे, आणि तिथल्या लोकांनी एका त्रिकुटाला पवित्र मानलं होतं. ते त्रिकूट मी वाचलं आणि दोनदा वाचलं. मार खाणारा लढवय्या, जखमा भरणारा धर्मगुरू, आणि तिसरा मोहिनी घालून बाकीच्या राक्षसांना गुंगवून ठेवणारा. यात मारणारा कुठे आहे? नाहीच. हे तिघे जमले की मारणारे काय, कुणीही उरलेल्या जागांवर घ्यायचे. पैशाला पासरी.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला. त्यात टोळी पाचांची आणि तिसऱ्या पायाच्या जागी मारणारा रीतसर बसला. २०१० साली या खेळाचे एक कोटी वीस लाखांवर वर्गणीदार होते, म्हणून सगळ्या जगाला हीच वाटणी मूळची वाटते. तर मारणाऱ्याला जागा मिळाली, पण किंमत? तीही लवकरच कळली. आधी लोक खेळातल्या शहराच्या चौकात उभे राहून हाका मारत, "एक टँक हवा, एक टँक हवा". त्याच त्याच गावची माणसं, एकमेकांना नावानं ओळखत, कोण बरा आणि कोण पळपुटा हे ठाऊक असे. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीनं यंत्रच बसवलं. तुम्ही नाव नोंदवा, ते चार अनोळखी माणसं शोधून देतं आणि थेट भुयाराच्या तोंडाशी नेऊन सोडतं. (त्याच वर्षी मी निवृत्त झाले. योगायोग.) सोय झाली, पण टँकसाठी रांग नाही, आणि मारणारे बसलेत ताटकळत. २०११ मध्ये तर ज्या कामाला माणसं कमी पडतील ते काम करणाऱ्याला वर बक्षिसाची थैली द्यायला लागले. ती थैली मारणाऱ्याच्या वाट्याला कशाला येतेय!

त्यात भर म्हणून मीटर. खेळाडूंनी स्वतःच तयार केलेली ही जोडणी. पडद्याच्या कोपऱ्यात कुणी किती मारलं याच्या रंगीत पट्ट्या, सगळ्यात जास्त तो वर. ढाल धरणारा किती धीरानं उभा राहिला याची अशी पट्टी कुणी बघत नाही. मारणाऱ्याचं प्रगतिपुस्तक मात्र चारचौघांत भिंतीवर. पस्तीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरून इतरांचे चेहरे बघितले, आता माझी पट्टी कायम तळाला.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी नातू परीक्षेत होता, म्हणून मी धीर करून एकटीनंच नाव नोंदवलं. चार अनोळखी माणसं. त्यांचा वेग असा की माझी नुसती धावपळ. तिसऱ्या जथ्यापाशी माझ्या पायाखाली लाल वर्तुळ उमटलं, म्हणजे तिथं आता आग पडणार. शिकारिणीला मागे लांब उडी मारायचं एक बटण असतं. मी ते दाबलं. मागे काय आहे ते बघायचं राहिलं. मागे दुसरा जथा होता, अजून कुणी न छेडलेला. मी त्यांच्या बरोबर मध्ये जाऊन पडले. ते सगळे उठले, मला संपवून टोळीवर गेले. पाचही जण गेले. पडद्यावर कुणीतरी इंग्रजीत काही लिहिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मतदान झालं, आणि क्षणात मी भुयाराबाहेर, अस्वलासह.

शाळेत मी कितीतरी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. मला कुणी बाहेर काढलं ते पहिल्यांदाच.

तुम्हाला वाटेल, खेळच तो. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पुढचे तीन रविवार मी डोळे दुखतात म्हणून सांगितलं. चौथ्या रविवारी नातवानं विचारलं, "आजी, कुणी काढलं का तुला?" त्याला कसं कळलं कोण जाणे. बहुतेक त्यालाही कधी काढलं असणार. मग त्यानं मला २००५ सालची एक चित्रफीत दाखवली, या खेळातली सगळ्यात गाजलेली. एक मोठी टोळी दाराबाहेर उभी राहून बारीकसारीक बेत आखतेय, आणि लीरॉय जेन्किन्स नावाचं पात्र स्वतःचंच नाव ओरडत एकदम आत धावत सुटतं. बाकीचे मागून. सगळे मरतात. ती फीत ठरवून केलेली होती म्हणे, पण पोटभर हसले. मग तो म्हणाला ते वाक्य मी त्याच्याच शब्दांत लिहिते. "तू मीटर बघू नकोस. तू घाबरून कमी मारतेस, मग बॉस उशिरा मरतो, मग टँकला जास्त लागतं, मग मला जास्त काम. तू नीट मारलं की मला कमी काम."

मी त्याला काही बोलले नाही, पण ते मनात राहिलं. माझी भीती सगळी माझ्यापुरती होती: मला लागेल, मला हसतील, माझी पट्टी खाली. हा मुलगा सांगत होता की मी जो वेळ लावते तो दुसऱ्याच्या अंगातून जातो.

मग मी सरावाला लागले. खेळातल्या शहरांत सरावासाठी बुजगावणी उभी केलेली असतात. ती मारत नाहीत, मरत नाहीत. रोज सकाळी पूजा आटोपली की अर्धा तास त्यांच्यापुढे. कुठला बाण आधी, कुठला नंतर, कुठलं बटण परत भरायला किती वेळ घेतं. वहीत लिहून काढलं. तीस बटणं होती, त्यातली दहाच ठेवली. महिन्याभरात बोटं न बघता चालायला लागली, आणि मग कुठे नजर पडद्यावर राहायला लागली. आपल्या तालमीत याहून वेगळं काय असतं? गंगावेस असो नाहीतर मोतीबाग, वस्ताद नव्या पोराला आल्याआल्या मैदानात सोडत नाही. आधी माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, एकच डाव शंभरदा घोटायचा.

बुजगावण्यानंतरची पायरीही या खेळात आता आहे. जानेवारी २०२४ पासून काही भुयारांत माणसांऐवजी यंत्रानं चालवलेले सोबती घेऊन जाता येतं. कॅप्टन गॅरिक नावाची एक बाई ढाल घेऊन पुढे राहते. तुम्ही किती वेळा चुकलात तरी ती मतदान करत नाही. पन्नास वर्षं खेळ वाढत गेला आणि शेवटी कंपनीला कळलं की लोक राक्षसाला भीत नाहीत, टोळीतल्या माणसांना भितात. त्या भुयारांतून मी एकेक वाट चार-चार वेळा फिरले. मागे उडी मारण्याआधी मान वळवायची सवय तिथंच लागली.

पण तालमीची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, आणि ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभारलं, १९१२ साली ते पुरं झालं, तिथं हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर एकास एक कुस्ती होते. जिंकलास तर तू, पडलास तर तू. कोल्हापूरला त्या जातीची हिंमत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. (टोळीची हिंमत बघायची तर फुटबॉल बघावा. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की आमच्या घरात दोन पक्ष पडत. पण तो विषय निघाला की लेख संपणार नाही.) टोळीतल्या मारणाऱ्याची गोष्ट मला सापडली ती दुसरीकडेच, आणि ती मी पस्तीस वर्षं शिकवत आले होते.

पन्हाळा, जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून बसलेला. पुढचं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. भर पावसात रात्री महाराज निघाले, नेबापूरच्या शिवा काशिदनं महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला गुंतवलं आणि जीव दिला. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्मे मावळे घेऊन थांबले, उरलेले निम्मे, परंपरा सांगते तीनशेच्या आसपास, महाराजांबरोबर विशाळगडाकडे गेले. बाजी आणि त्यांचे बांदल मावळे खिंडीत उभे राहिले, तोफांचा आवाज होईपर्यंत. त्या खिंडीचं नाव पावनखिंड झालं. अजूनही दर पावसाळ्यात पोरं पन्हाळ्यावरून चालत तिकडे जातात. मीही चाळिशीत शाळेच्या मुलांना घेऊन गेले होते, जळवा काढून काढून हात दुखले.

धड्यात एक वाक्य असायचं आणि मीही तसंच सांगत आले: बाजींनी खिंड लढवली आणि महाराज विशाळगडावर पोचले.

पोचले! विशाळगडाला त्या वेळी वेढा होता. शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी गडाखाली ठाण मांडून बसले होते. रात्रभर चिखलातून साठेक किलोमीटरची वाट तुडवत आलेली ती माणसं. त्यांना तो वेढा फोडून वर जायचं होतं. आणि ती कापाकापी चालली असताना दर घटकेला मागे खिंडीत माणसं पडत होती. यांनी घाबरून हात आखडला असता, किंवा कुणी आपलाच पराक्रम दाखवायला भलतीकडे धावत सुटला असता, तर तोफा आणखी उशिरा झाल्या असत्या. बाजींनी वेळ मिळवून दिला हे मी शिकवलं. तो वेळ कुणीतरी हातातल्या तलवारीनं कमीत कमी खर्चला, हे मी एकदाही शिकवलं नाही. परीक्षेत 'कारणे द्या'मध्ये खिंडीवर प्रश्न असायचा, गडाखालच्या लढाईवर कधीच नसायचा. मार खाणाऱ्याला पोवाडे आहेत, ते असायलाच हवेत. वेढा फोडणाऱ्या त्या तीनशेंना धड्यात 'पोचले' एवढं एक क्रियापद आलं.

बाजींची आणि माझ्या अस्वलाची तुलना करतेय असं कृपा करून कुणी समजू नका. तिकडे रक्त होतं, इकडे वीज गेली की खेळ संपतो. पण नातवाचं ते वाक्य आणि हा विशाळगड शेजारी ठेवले तेव्हा मला मारणाऱ्याचं काम कळलं, आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून हात थरथरायचे थांबले. बघणारे चार जण आहेत याचा विचारच सुटला. ढालवाल्याच्या आयुष्याची हिरवी पट्टी तेवढी बघते. ती उतरायला लागली की बोटं आपोआप जोर धरतात.

परवाचा रविवार म्हणजे जाऊ आली तो. नातू, मी, नातवाचा एक मित्र ढाल घेऊन, आणि यंत्रानं दिलेले दोन अनोळखी. शेवटचा बॉस. जाऊ दारात उभी होती तेव्हाच तो वळला आणि मी बाण सोडायला सुरुवात केली. मध्ये लाल वर्तुळ आलं. मान वळवली, मागे भिंत होती, उडी मारली. ढालवाल्याची पट्टी अगदी तळाशी आली होती आणि नातू नुसता "आजी, आजी, आजी" करत होता. बॉस पडला. मी मीटर बघितलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. तीन मारणाऱ्यांत दुसरी होते :-)

नातू म्हणाला, "आज मला शेवटी एक औषध शिल्लक राहिलं." मग त्यानं विचारलं, पन्हाळ्यापासून ती खिंड चालत किती लांब आहे, आणि जुलैत तिकीट काढलं तर मी येणार का. गुडघ्यांचं त्याला अजून सांगितलेलं नाही. गाडीनं पुढे जाऊन खिंडीपाशी थांबेन म्हणते.

जाऊबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, त्या ढालवाल्या बाईचं काम शिकायला किती दिवस लागतात.